आधी शेवई पाडून दाखवा

माणसाची फजिती झाली की माणूस ती झाकतो. मांजर पिल्लं हलवते तशी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो. आमच्या सूनबाईचं उलटं आहे. बेबीनंदाची काही फजिती झाली की ती स्वतःच ओट्यावर उभी राहून गल्लीला सांगते. तिचं म्हणणं असं, "मामा, आपली गोष्ट आपण सांगितली की बराबर तेवढीच राहती. दुसऱ्यानं सांगितली की तिला लेकरं होतात."

मामा म्हणजे मी. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते. बाकी केदारखेड्यात मला आबा म्हणतात, आणि मी गोष्ट सुरू केली की लोक जनावराला पाणी दाखवायचं निमित्त काढून उठतात. ज्यांच्याकडं जनावरं न्हाईत तेसुद्धा उठतात. असू द्या. कागद काही उठून जात नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

बेबीनंदा जाफराबादची. लग्न होऊन आली त्याच वर्षी भीमजयंतीच्या जेवणाचं वरण तिच्याकडं दिलं. सारी पंगत बसली, पहिला घास गेला, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. वरणात मीठ नव्हतं. दुसरी नवी नवरी असती तर चुलीमागं जाऊन रडली असती. ही मिठाचं ताट घेऊन पंगतीच्या मधोमध आली. "जय भीम मंडळी. मीठ राह्यलं. विसरणारी मी, देवानंदची बायको. ज्यानं त्यानं आपापल्या चवीनं घ्या." पंगत अशी हसली की काहींच्या नाकातून वरण आलं. आमची झुंबरबाई, म्हणजे माझी मंडळी, डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढून बसली होती. पण त्या दिवसापासून सूनबाईचं नाव गावात कुणाला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

तर या बेबीनंदानं घरात शेवयाचं मशीन आणलं. हातानं फिरवायचं, बाजेला नटबोल्टानं आवळून बसवायचं. वरून पिठाचा गोळा घालायचा, दांडा फिरवायचा, खालून शेवया पडतात, त्या काडीवर घेऊन दोरीवर वाळत टाकायच्या. होळी झाली की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, हा हंगाम. पहिल्या वर्षी आमच्याच गल्लीतल्या बाया आल्या. दुसऱ्या वर्षी तुळजाबाई आली.

तुळजाबाई कोण, तर वेशीजवळच्या मोठ्या घरची. त्यांच्या आणि आमच्या शेताचा बांधाला बांध. शेतात बोलणं-चालणं, औत-अवजार, अडीनडी सगळं. पण शेवई ही खायची वस्तू. पिठाला पाणी लागलं की पूर्वी त्या आळीच्या बायांचा पाय आमच्या गल्लीत वळत नसे. मी कुणाला बोल लावत नाही, काळच तसा होता आणि तो लई वर्षं टिकला. पण त्या वर्षी तुळजाबाईचा खांदा दुखावला होता, घरी पाट लावून शेवया करणं होईना. एक दिवस ती स्वतः डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आमच्या दारात उभी.

"झुंबर, तुझ्या सुनंनं मशीन आणलंय म्हणं."

"आणलंय की. ये. बस."

तुळजाबाई बाजेवर बसली, शेवया होईपर्यंत उठली नाही. मधी तिनं आपणहून पाणी मागितलं. झुंबरबाईनं तांब्या दिला, तिनं घटाघटा पिला, आणि पुन्हा शेवयात केस निघाला म्हणून भांडायला लागली. बस्स, तेवढंच झालं. पण पुढच्या उन्हाळ्यापासून निम्मं गाव आमच्या अंगणात. मशीनचं निमित्त. बाया यायच्या, एकमेकींची सुखदुःखं काढायच्या, सुनांच्या चुगल्या सुनांसमोरच करायच्या. मी बाजूला लिंबाखाली. माझ्या गोष्टी ऐकायला आयतं गिऱ्हाईक, कारण नंबर लागल्याशिवाय कुणाला उठता येत नव्हतं!

आता हातमशीन ते हातमशीन. बेबीनंदाचं मनगट सुजायला लागलं. संध्याकाळ व्हायची, दोन-तीन बाया पीठ घेऊन तशाच परत जायच्या. परत गेलेली बाई भोकरदनला मोटारीच्या मशीनवर जाते आणि एकदा गेली की मंग तिकडंच जाते. बेबीनंदाला तीच धास्ती. पैशाची नव्हती, अंगण रिकामं व्हायची होती. मला म्हणाली, "मामा, मोटारीचं मशीन घ्यावं म्हणते."

आणि मोबाइलवर तिला ते मशीन दिसलं. व्हिडिओ असा की बटन दाबलं की शेवया केसासारख्या सळसळ खाली. तिनं नंबर लावला. पलीकडून आवाज आला, "जय भीम ताई! फोटो बघितला तुमचा, दीक्षाभूमीचा. बरं वाटलं."

बेबीनंदाच्या मोबाइलवर तिचा आणि देवानंदचा दीक्षाभूमीपुढं काढलेला फोटो आहे. देवानंद माझा मुलगा, जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात असतो, रविवारी घरी येतो. समोरचा माणूस म्हणाला, मी नागपूरचाच, आपल्या समाजाच्या बायांना उभं करायचं म्हणून कमी भावात मशीन देतो, अर्धे आधी पाठवा, अर्धे मशीन आल्यावर.

सूनबाईनं फोन माझ्याकडं दिला. मीही बोललो. आम्ही पोरं-पोरं मिळून पहिल्यांदा नागपूरला गेल्तो ती सगळी गोष्ट त्याला सांगितली. डब्यातली भाकर, हरवलेली चप्पल, सगळी. त्यानं शेवटपर्यंत ऐकली. मधी "व्हय आबा, व्हय आबा" सुद्धा म्हणला. माझ्या घरात माझी गोष्ट कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही, आणि हा फोनवर ऐकतोय! तिथंच मी ओळखायला पाहिजे होतं.

बघा, बैल घ्यायचा तर आम्ही काय करतो? बाजारात त्याचे दात बघतो. चालवून बघतो, बसवून उठवतो, शेपटी पिरगाळून बघतो. विकणारा सख्खा साडू असला तरी बघतो. साडूलाही त्याचा राग येत नाही, रीतच ती. आणि मशीन घेताना काय बघितलं, तर 'जय भीम' म्हणला. आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडी आला की आपल्याला तो माणूसच आपला वाटतो. पैसे गेले. त्याच आठवड्यात बेबीनंदानं जुनं हातमशीन जाफराबादला तिच्या बहिणीला, प्रीतीला, देऊन टाकलं. दोन मशीनं कशाला, म्हणून.

मंग तारखा सुरू झाल्या. उद्या निघतं, परवा निघतं. एक दिवस दुपारी म्हणला, "ताई, गाडी जालन्यात येऊन उभी हाय, भाडं तेवढं टाका, डायवर थांबलाय." भाडं टाकलं. थोड्या वेळानं पुन्हा फोन, "ताई, इन्शुरन्सचे राह्यले."

"कशाचा इन्शुरन्स?"

"मशीनचा ताई. रस्त्यात काही झालं तर."

"दादा, गाडी जालन्यात हाय म्हणता. मंग गाडीचा फोटो टाका, नंबर दिसंल असा. आमचे मालक जालन्यातच हायेत, ते येऊन घेतील."

फोन कट. पुन्हा लावला, लागेना. त्याचा फोटो होता तिथं नुसता करडा गोल उरला.

बेबीनंदा ओट्यावर टेकली. मी म्हणलं, "मेल्याचं नावच पुसून टाक मोबाइलातून." रागात माणूस दुसरं काय बोलणार! ती म्हणाली, "पुसायचं न्हाई मामा. एक अक्षर पुसायचं न्हाई." आणि तिनं देवानंदला फोन लावला. आता तुम्हाला आठवत असंल, मधी फोन लावला की रिंग वाजायच्या आधी एक बाई बोलायची. सायबर फसवणुकीपासून सावध राहा, अमुक नंबर लावा. आम्ही त्या बाईला लई बोलायचो. झुंबरबाई तर म्हणायची, हिला घरी काही काम न्हाई का? त्या दिवशी ती बाई बोलायला लागली आणि बेबीनंदा एकदम ताठ झाली.

"मामा, थांबा. नंबर सांगून राह्यली."

नंबर नीट ऐकला, आणि देवानंदनं फोन उचलायच्या आत कट केला. एक, नऊ, तीन, शून्य. लगेच तो लावला. तो लागेना. तिकडून देवानंदचा फोन येऊन राह्यला, ही कट करून राह्यली. बिचाऱ्याला वाटलं, घरी म्हाताऱ्याचं काहीतरी बरंवाईट झालं. तिनं पुन्हा पुन्हा लावला, शेवटी लागला. तिकडच्या माणसानं विचारलं, पैसे कुठल्या बँकेतून गेले, किती वाजता, पाठवल्याची जी पावती मोबाइलात येते तिच्यावरचा नंबर काय, समोरच्याचा मोबाइल कोणता. हिनं काहीच पुसलं नव्हतं, म्हणून पटापट सांगता आलं. लगेच तक्रारीचा नंबर मेसेजनं आला. तो माणूस म्हणाला, "बाई, दुपारचे पैसे आजच गेलेत ना? बरं झालं जल्दी फोन केला. पुढं सरकले नसतील तर तिथंच थांबवता येतात."

मंग देवानंदला फोन. त्याचं म्हणणं, "बेबे, झालं ते झालं. गावात बोलू नको. लोक हसतील."

"हसू द्या," ही म्हणाली. "मिठाच्या वेळी काय कमी हसलं व्हतं?"

तसेच आम्ही जीप धरून भोकरदन गाठलं. आधी बँक, तिथं अर्ज दिला. मंग पोलीस स्टेशन. तिथल्या हवालदारांना मी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. ते म्हणाले, "काका, तुम्ही पाणी प्या. बाईंना बोलू द्या." बाई बोलल्या, आणि काम झालं. त्यांनी सरकारी सायबरच्या साइटवर तक्रार चढवून दिली, बोलण्याचे, पावत्यांचे, व्हिडिओचे फोटो जोडले. मी विचारलं, दुकान खरं असून माल देत नसला तर? ते म्हणाले, तर एकोणीसशे पंधरावर ग्राहकांची तक्रार करायची. पण हा दुकानदारच नव्हे, हा चोर. आणि एक बजावून सांगितलं, "आता कुणीतरी फोन करील, पैसे परत मिळवून देतो, आधी फी द्या. तोही चोरच. आणि या माणसाशी तुम्ही स्वतः बोलायला जाऊ नका."

घरी यायला दिवस मावळला. आणि तेव्हा सूनबाईच्या ध्यानात आलं, उद्या सकाळचा पहिला नंबर तुळजाबाईला दिलेला! नव्या मशीनच्या भरवशावर दिलेला. म्हणजे तुळजाबाईनं पीठ भिजवलं असणार. शेवयाचं पीठ एकदा भिजलं की ते वाट बघत नाही.

सकाळी झालंही तसंच. तुळजाबाई हजर, मागं तिची सून वंदना, डोक्यावर तिंबलेल्या पिठाची परात. आणखी चार-पाच बाया नवं मशीन बघायला. बेबीनंदा ओट्यावर उभी राहिली. मला मिठाचं ताटच आठवलं.

"मावशी, मशीन न्हाई. फसले मी. जय भीम म्हणला, दीक्षाभूमीचं बोलला, मी पैसे टाकले. तक्रार केलीय. पण आज तुमच्या पिठाचं माझ्याच्यानं काही होत न्हाई."

तुळजाबाईनं कमरेवर हात ठेवले. "अगं बाई! तुमच्या घरात कोथिंबिरीची जुडी घ्यायची तर झुंबर तिचं बुड हुंगून बघती. आन् मशीन नुसतं ऐकून घेतलं व्हय?"

झुंबरबाई म्हणाली, "ऐकलं तरी यांनी लई ऐकवलं त्याला. त्या माणसानं घेतले ते पैसे न्हाईत, मजुरी हाय."

सगळ्या हसल्या. एकटी वंदना हसेना. तिनं परात खाली ठेवली, पदराआडून मोबाइल काढला आणि बेबीनंदापुढं धरला.

"ताई, ह्योच का?"

तोच व्हिडिओ. तेच मशीन, तेच बटन, त्याच शेवया. फक्त नंबर दुसरा.

"मला जय भीम न्हाई म्हणला," वंदना हळूच म्हणाली. "माझा तुळजापूरचा फोटो हाय ना. मला म्हणला, आई राजा उदो उदो, ताई. मी पण आईचा भक्त हाय, म्हणून कमी भावात देतो."

आता हे ऐकल्यावर अंगण जे फुटलं! कुणी बाजेला धरलं, कुणी लिंबाला. म्हणजे हा बाबा फोटो बघून देव बदलत होता. एक बाई म्हणाली, माझ्या मोबाइलवर म्हशीचा फोटो हाय, मला काय म्हणला असता?

तुळजाबाई मात्र सुनेकडं वळली. "थांब थांब. म्हंजे तू माझ्या घरात दुसरं अंगण काढायला निघाल्ती? मला न सांगता?"

वंदनाचं तोंड एवढंसं झालं. बेबीनंदा मधी पडली. "काढू द्या की मावशी. माझंबी मनगट मोकळं झालं असतं. बाई वंदना, पैसे टाकले न्हाईस ना?"

"आज टाकणार व्हते."

तेवढ्यात वंदनाचा फोनच वाजला. तोच! बेबीनंदा म्हणाली, उचलू नको, हवालदार न्हाई म्हणलेत. पण झुंबरबाईला कानानं कमी ऐकू येतं, किंवा त्या दिवशी तेवढ्यापुरतं कमी आलं. तिनं फोन घेतला.

"आई राजा उदो उदो, ताई!" फोनातून मोठ्यानं आवाज आला. "पैसे टाकताय ना?"

"टाकते की बाबा," झुंबरबाई म्हणाली. "आधी सांग, तुझ्या मशीनात पीठ कसं घालायचं?"

"कसंबी घाला मावशी. सुकं पीठ टाकायचं, बटन दाबायचं."

"सुकं?"

"एकदम सुकं."

"मंग शेवया कशाच्या पडत्यात रे, तुझ्या थुंकीच्या?"

पलीकडून फोन बंद. इकडं बाया हसून हसून खाली बसल्या. नंतर हवालदारांनी यावरून आम्हाला चांगलं फैलावर घेतलं, सावध झाला ना तो, म्हणाले. चुकलंच ते. तुम्ही असं करू नका. पण वंदनाकडचा दुसरा नंबर आणि पैसे टाकायला त्यानं दिलेलं खातं, दोन्ही त्यांनी तक्रारीत जोडून घेतलं, आणि खातं तेच निघालं.

हे सगळं होईस्तोवर ऊन अंगणात आलं होतं. परातीतलं पीठ तसंच. बेबीनंदा म्हणाली, "मावशी, तुम्ही आत्ता जीप धरा. भोकरदनला नंबर लागंल."

मी लिंबाखालून बघत होतो. मला तेवढं कळत होतं. तुळजाबाई ती परात उचलून वेशीकडं गेली की तिच्यामागं बाकीच्या जाणार. मंग पुढच्या वर्षी कशाला कोण इकडं वळंल!

तुळजाबाईनं परातीवरचं ओलं फडकं काढलं, पिठात बोट रोवून बघितलं. मंग म्हणाली, "वंदना, घरी जा. माळ्यावर माझा शेवयाचा पाट हाय, तो घेऊन ये. काड्याबी आण."

"आत्या, तुमचा खांदा?"

"खांदा माझा, ओढायचं तुम्ही. आजकालच्या पोरींना मशीन पाहिजे. हात काय नुसते मोबाइलला लावले का? झुंबर, तुझा पाट हाय का वाळवीनं खाल्ला?"

"माझ्या पाटाला वाळवी लागायची हिंमत न्हाई."

पाट आले. बाजेच्या कडेला तिरके लावले. वर तुळजाबाई आणि झुंबरबाई, दोघी म्हाताऱ्या, पाटावर पीठ घासून दाखवायला. खाली बेबीनंदा आणि वंदना काडीवर शेवई झेलायला. पहिल्या शेवया दोरखंडासारख्या आल्या. तुळजाबाई म्हणाली, ह्यानं बैल बांधा. मंग हात बसत गेला. दुपारी दोन्ही दोऱ्या भरल्या, आणि बेबीनंदानं सगळ्यांसाठी पिठलं टाकलं. मीठ बराबर होतं. मी मुद्दाम बघितलं.

जाफराबादला प्रीतीच्या कानावर हे गेलं. दिलेली वस्तू परत मागायची नसते, बेबीनंदानं मागितलीही नाही. प्रीतीच मशीन जीपवर टाकून घेऊन आली. म्हणाली, "माझं मशीन माहेरपणाला आलंय. उन्हाळाभर ठेवा, लाड करा, पाऊस पडायच्या आत सासरी पाठवा." त्या मशीनवर हंगाम निघाला. बेबीनंदा आणि वंदना आळीपाळीनं दांडा फिरवायच्या.

बेबीनंदानं ही गोष्ट विहारात रविवारी बुद्धवंदनेनंतर सांगितली, बचत गटात सांगितली, जीपमध्ये सांगितली. देवानंदला वाटलं होतं तसे लोक हसले, आणि हसता हसता आपापल्या मोबाइलातले नंबर दाखवायला लागले. भाड्याचे म्हणून पाठवलेले पैसे त्या खात्यात अडकून पडले होते. कागदपत्रं, हेलपाटे, सगळं होऊन ते परत आले. पहिले पैसे पुढं सरकले होते, ते अजून आले नाहीत. तपास चालू आहे म्हणतात. बेबीनंदा मधूनमधून तक्रारीचा नंबर टाकून बघते. आले तर आले.

आलेल्या पैशात वंदनानं आपले घातले आणि यंदा होळीच्या आधी दोघी भागीत मशीन घ्यायला भोकरदनला गेल्या. सोबत तुळजाबाई, झुंबरबाई आणि मी. दुकानदार ओळखीचा निघाला, मला बघून उठला.

"या आबा. जय भीम."

"जय भीम," बेबीनंदा म्हणाली, पिशवीतून भिजवलेल्या पिठाचा डबा काढला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. "आधी शेवई पाडून दाखवा."

त्याला राग आला नाही. त्यानं मशीनचं बटन दाबलं. झुंबरबाईनं पहिली शेवई बोटावर घेऊन उजेडात धरली, तुळजाबाईनं तिच्या हातातून ओढून घेतली, आणि दोघींचं जाड का बारीक यावरून तिथंच जुंपलं. मी दुकानदाराला आमच्या नागपूरच्या चपलेची गोष्ट सांगायला घेतली. तो म्हणाला, "आबा, एक मिनिट, जरा गिऱ्हाईक बघून येतो."

माणूस खरा होता. आम्ही मशीन घेतलं.